पहिल्या वेस्ली फाउंडेशनमध्ये एक आठवडा

मंगळवार, १ ऑक्टोबर २०२४

शिकागोच्या युनियन स्टेशनवरून दुपारी चारच्या सुमारास सुटणारी गाडी धरायची होती आणि हाताशी तीन-चार तास मोकळे होते, म्हणून मला घ्यायला आलेल्या भाचीने सामान स्टेशनवर ठेवून मला आधी वॉशिंग्टन स्ट्रीटवरच्या शिकागो टेंपलमध्ये नेले. ही मेथडिस्ट मंडळी, म्हणजे मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे स्थानिक चर्च, १८३१ सालापासूनची आहे, म्हणजे १८३७ मध्ये शिकागोला शहराचा दर्जा मिळाला त्याच्याही आधीची. आपल्या मोक्याच्या जागेवर या मंडळीने १९२४ मध्ये १७३ मीटर उंचीची इमारत उभी केली. खाली उपासनेचे मंदिर, मधल्या मजल्यांवर भाड्याने दिलेल्या कचेऱ्या आणि पार वर शिखरापाशी एक लहानसे प्रार्थनागृह अशी तिची रचना आहे. खालच्या मंदिरात दहा मिनिटे शांत बसून आम्ही निघालो.

गाडीने कँकाकी सोडले आणि दोन्ही बाजूंना सपाट शेते सुरू झाली. वाळून बदामी झालेला मका, मध्येच सोयाबीनचे काढलेले रान, आणि दूरवर कापणी यंत्रामागे उठणारा धुळीचा लोट. घाट नाही, टेकडी नाही, नदीही डोळ्यांत भरेल अशी नाही. भाची म्हणाली, "मावशी, पहिल्यांदा आले तेव्हा मला हे बघून रडू आलं होतं. एवढं सपाट की कुठे टेकायलाच जागा नाही असं वाटलं." ती अर्बाना-शॅम्पेन येथील इलिनॉय विद्यापीठात एम.एस.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शॅम्पेन आणि अर्बाना ही जुळी शहरे, आणि विद्यापीठ त्या दोहोंच्या सीमेवर पसरलेले आहे.

घरच्यांनी मला नायगारा आणि न्यूयॉर्कची यादी करून दिली होती. माझ्या मनात मात्र अर्बानामधील ग्रीन स्ट्रीट आणि गुडविन अव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावरची एकच इमारत होती. १९१३ साली इथे 'वेस्ली फाउंडेशन' या नावाचे मेथडिस्ट चर्चचे विद्यार्थ्यांसाठीचे पहिले काम सुरू झाले आणि पुढे अमेरिकेतील कितीतरी सरकारी विद्यापीठांच्या दाराशी त्याच नावाची घरे उभी राहिली. पुण्यातील आमच्या मराठी मेथडिस्ट मंडळीचा तरुण संघ मी एकोणीस वर्षे सांभाळला. त्यातली शेवटची पाच वर्षे मी मुलांची वाट पाहत रिकाम्या बाकांसमोर बसले आहे. हे काम जिथे पहिल्यांदा नीट विचार करून मांडले गेले ती जागा मला पाहायची होती, आणि शक्य झाल्यास तिथे चार दिवस हाताने काम करायचे होते.

बुधवार, २ ऑक्टोबर

सकाळी भाचीचा तास होता, म्हणून ग्रीन स्ट्रीटवरून मी एकटीच चालत गेले. रस्ता सोपा आहे. अभियांत्रिकीच्या इमारती डाव्या हाताला ठेवत पूर्वेकडे निघाले की गुडविनचा कोपरा येतो. दार उघडेच होते. आत कोणी 'कोण हवंय' असे विचारले नाही. एका लांबलचक खोलीत जुन्या कोचावर एक मुलगा बूट काढून, पुस्तक छातीवर पालथे ठेवून गाढ झोपला होता, आणि त्याच्या शेजारून जाणारी बाई आवाज होऊ नये म्हणून पावले जपून टाकत होती. ती तिथल्या पाळकांपैकी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंपैकी, एक निघाली. मी "सलाम" म्हणून गेले आणि मग भानावर येऊन इंग्रजीत बोलले.

जेम्स बेकर हे पाळक १९०७ मध्ये अर्बानाच्या ट्रिनिटी मेथडिस्ट मंडळीत आले. त्यांच्यासमोरचा प्रश्न समजायला इथल्या विद्यापीठाची जातकुळी समजून घ्यावी लागते. इलिनॉय विद्यापीठ १८६७ चे, आणि १८६२ च्या मॉरिल कायद्याने सरकारी जमिनीच्या आधारावर उभे राहिलेले. शेती आणि यंत्रविद्या शिकवण्यासाठी काढलेल्या या विद्यापीठात शेतकऱ्यांची आणि कारागिरांची मुले येऊ लागली. तोवर मेथडिस्टांचा रिवाज स्वतःची महाविद्यालये काढण्याचा होता. जवळच ब्लूमिंग्टनला १८५० पासून इलिनॉय वेस्लीयन आहेच. पण खेड्यापाड्यांतली मेथडिस्ट मुले आता चर्चच्या महाविद्यालयाऐवजी सरकारी विद्यापीठात जात होती, आणि सरकारी विद्यापीठ धर्म शिकवणार नव्हते. पुष्कळ धार्मिक मंडळींनी तेव्हा अशा विद्यापीठांना देवहीन म्हणून नावे ठेवली. बेकर यांनी नावे ठेवली नाहीत. मुले जिथे आहेत तिथे चर्चने जावे, एवढी साधी गोष्ट त्यांनी धरली, आणि मंडळीच्या रविवारच्या कामाला जोडून, सातही दिवस विद्यार्थ्यांसाठी चालणारी वेगळी संस्था १९१३ मध्ये उभी केली. १९२८ मध्ये ते बिशप झाले आणि पुढची काही वर्षे त्यांनी कोरिया-जपानकडे काढली, पण त्यांचे नाव राहिले ते या घरामुळे.

या संस्थेने काय व्हावे हे बेकर यांनी पाच गोष्टींत सांगितले होते. ती उपासनेची जागा असावी, धर्मशिक्षणाची शाळा असावी, घरापासून दूर असलेल्यांचे घर असावे, मंडळीत पुढे काम करणाऱ्या साध्या सभासदांनी हात बसवण्याची प्रयोगशाळा असावी आणि पाळकपणासाठी व मिशनसेवेसाठी माणसे मिळण्याचे ठिकाण असावे. पाळकबाईंनी हे मला बोटांवर मोजून सांगितले. मी तिसऱ्या बोटाशी अडकले. उपासना, शिक्षण, नेतृत्व हे आमच्याही तरुण संघाच्या नियमावलीत आहे. 'घर' हा शब्द मात्र त्यात नाही, आणि तो नाही हे एकोणीस वर्षांत माझ्या लक्षात आले नव्हते.

खरे तर हा शब्द आपल्याला परका नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे काढली, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसवणारे वसतिगृह सुरू केले. जवळजवळ त्याच वर्षांत इथे मक्याच्या रानात एका पाळकाला तीच गरज दिसत होती. घराण्यात पहिल्यांदाच शिकणारे पोर शहरात येते तेव्हा त्याला वर्ग मिळतो, पण संध्याकाळी जायला जागा नसते.

संध्याकाळी आठ-दहा मुलांचा बायबल अभ्यास होता. मी मागे बसणार होते, पण त्यांनी मला वर्तुळात घेतले. विषय निघाला तो ऑक्सफर्डचा. १७२९ मध्ये आमच्या पंथाचे प्रवर्तक जॉन आणि चार्ल्स वेस्ली हे भाऊ व त्यांचे दोन-चार सोबती नियमाने एकत्र जमू लागले, आणि त्यांच्या वेळापत्रकी शिस्तीची इतरांनी केलेली थट्टा म्हणजे 'मेथडिस्ट' हे नाव. म्हणजे आमच्या साऱ्या चर्चची सुरुवातच कॉलेजच्या खोलीतली आहे, ही गोष्ट आपण विसरतो. रसायनशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीने त्याच्या पुढचे सांगितले. पुढच्याच वर्षी, १७३० मध्ये, त्यांच्यातल्या विल्यम मॉर्गन या विद्यार्थ्याने ऑक्सफर्डच्या किल्ल्यातील तुरुंगात जायला सुरुवात केली आणि वेस्ली बंधूंनाही ओढून नेले. कर्जापायी डांबलेल्या माणसांना ही पोरे भेटत आणि आपल्या तुटपुंज्या पैशांतून मदत करीत. ती मुलगी म्हणाली की मॉर्गनने तुरुंगाचे दार दाखवले नसते तर तो एक वाचनाचा गटच राहिला असता. हे वाक्य मी वहीत लिहून घेतले.

मग त्यांनी मला विचारले की भारतात मेथडिस्ट कसे. मी त्यांना विल्यम टेलर या अमेरिकन मेथडिस्ट प्रचारकाबद्दल सांगितले. ते १८७१ च्या अखेरीस मुंबईत आले आणि त्यांच्या सभांतून तिथली मंडळी उभी राहिली. पुण्यात मेथडिस्टांच्या सभेत ज्यांचे जीवन पालटले ते सरकारी मोजणीखात्यातले ओल्डहॅम १८८५ मध्ये सिंगापूरला जाऊन तिथल्या मेथडिस्ट कामाचे आद्य प्रवर्तक झाले. आणि १९८१ पासून आमचे चर्च भारतात स्वायत्त आहे. सिंगापूरचा एक मुलगा त्या वर्तुळात होता. आपल्या शाळेच्या इतिहासात ओल्डहॅम हे नाव आहे, पण त्याची वाट पुण्याहून निघते हे त्याला माहीत नव्हते. तो उठून माझ्या शेजारी येऊन बसला.

बाहेर पडलो तेव्हा अंधार झाला होता. यहुदी नववर्ष त्याच सूर्यास्ताला सुरू झाले होते आणि नीटनेटक्या कपड्यांतले काही विद्यार्थी घाईने चालले होते. यहुदी विद्यार्थ्यांची 'हिलेल' ही संस्था आज जगभर आहे, तीही याच विद्यापीठात १९२३ मध्ये बेंजामिन फ्रँकेल या तरुण रब्बीने सुरू केली. एका सरकारी विद्यापीठाच्या परिसरात दहा वर्षांच्या अंतराने दोन धर्मांना एकच गरज जाणवली, याचे मला अप्रूप वाटले.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

आजचा दिवस मी कधी विसरणार नाही.

वेस्लीच्या इमारतीत फूड पँट्री चालते, म्हणजे गरजूंना शिधा मिळण्याची जागा. तिथे शहरातली कुटुंबे येतात आणि विद्यार्थीही येतात. कोणाला धर्म विचारला जात नाही, उपासनेला या असे सांगितले जात नाही. भाची गेल्या वर्षापासून तिथे स्वयंसेवक आहे. दुपारी तीनला आम्ही गेलो तेव्हा खोकी फोडून मांडणी सुरू होती. माझ्याकडे डबाबंद कडधान्यांची फळी आली. राजमा, काळा घेवडा, छोले, मका. डब्यांची तोंडे एका रांगेत, नाव दिसेल असे लावायचे आणि मुदत आधी संपणारे पुढे ठेवायचे, असे मला एका आजोबांनी दाखवले. ते निवृत्त प्राध्यापक होते आणि हे काम ते आमच्या मंडळीतले वडीलधारे प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस वाटण्याच्या विधीची, भांडी मांडतात तितक्या मन लावून करत होते.

परदेशी विद्यार्थी, त्यातही आपली मुले, इथे रांगेत का उभी राहतात हे मला आधी कळत नव्हते. अमेरिकेत शिकायला जाणारा मुलगा म्हणजे पैसेवाला, अशी आपल्याकडे समजूत आहे. भाचीने हिशेब समजावला. विद्यार्थी व्हिसावर असताना सत्र चालू असेपर्यंत आठवड्याला २० तासच काम करता येते, तेही पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या आवारातच. सरकारी अन्नसाहाय्य या मुलांना मिळत नाही. गावाकडची जमीन किंवा घर तारण ठेवून काढलेले कर्ज रुपयांत, आणि खर्च डॉलरमध्ये. भाडे आणि फी थांबवता येत नाही. मग हात आखडता घ्यायला एकच जागा उरते, ती पोटाची.

पाच वाजता दार उघडले. सहाच्या सुमारास रांगेच्या टोकाला एक मुलगा दिसला. तो रांगेत यायचा, दोन पावले पुढे सरकायचा आणि फोन आल्यासारखा बाजूला व्हायचा. असे तीनदा झाले. चौथ्यांदा तो माझ्या फळीपाशी पोहोचला तेव्हा त्याने छोल्यांचा डबा उचलला, फिरवून वाचला, परत ठेवला. त्याच्या मनगटात लाल दोरा होता. मी मराठीतच म्हटले, "छोले आहेत रे ते. शिजवलेलेच असतात, पण खाऱ्या पाण्यात असतात, आधी दोनदा धुऊन घे."

तो दचकला. मग हलकेच म्हणाला, "काकू, आज घट बसले ना. नवरात्राचा उपास आहे नऊ दिवस. यातलं काही चालणार नाही."

नांदेड जिल्ह्यातला मुलगा. ऑगस्टमध्ये आलेला. मी माझी फळी भाचीकडे दिली आणि त्याच्याबरोबर पूर्ण फेरी मारली. बटाटे, रताळी, केळी, दूध, शेंगदाण्याची पाकिटे. रताळी पाहून त्याचा चेहरा उजळला, कारण बाजारात ती किती महाग पडतील या भीतीने त्याने विचारलीही नव्हती. पिशवी भरता भरता तो बोलू लागला. घरी त्याने सगळे उत्तम चालले आहे असे सांगितले आहे. आई रोज विचारते काय जेवलास, आणि तो रोज वेगळ्या भाजीचे नाव सांगतो. "इथं येताना वाटलं, कुणी आपल्यातलं बघितलं तर काय म्हणेल," असे म्हणून तो गप्प झाला. मी त्याला सांगितले की आपल्यातलेच बघायला उभे होते, आणि त्यांना बरे वाटले.

आणखी एक गोष्ट याच रांगेत घडली. केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्याची बातमी सकाळीच आली होती. रांगेतल्या दोन पुण्याच्या मुलींनी ती मोठ्याने सांगितली तेव्हा त्या मुलाने पिशवी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. त्या रात्री मी भाचीला म्हटले की चर्चच्या तळघरात, घटस्थापनेच्या दिवशी, उपासाची रताळी निवडणारा मुलगा पाहून मला सेवेचा अर्थ जितका कळला तितका आजवर कुठल्या शिबिरात कळला नव्हता. त्या मुलाला कोणी ख्रिस्ती करू पाहत नव्हते आणि त्याचा उपासही कोणी मोडू पाहत नव्हते. काही मंडळींना हे अपुरे वाटेल. मला ते पूर्ण वाटते. 'मी भुकेला होतो, तेव्हा तुम्ही मला खायला दिले' या वचनात प्रभू येशूने जेवणाऱ्याला कसलीच अट घातलेली नाही.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

दिवसभर विद्यापीठ पाहिले. मॉरो प्लॉट्स ही १८७६ पासून सलग पिके घेऊन निरीक्षणे नोंदवली जाणारी प्रयोगशेती विद्यापीठाच्या ऐन मध्यात आहे. तिच्या शेजारी ग्रंथालय बांधायचे ठरले तेव्हा मक्यावर सावली पडू नये म्हणून ते जमिनीखाली बांधले गेले आणि १९६९ मध्ये पुरे झाले. उत्तराखंडात पंतनगरला १९६० मध्ये आपले पहिले कृषी विद्यापीठ याच विद्यापीठाच्या सहकार्याने आणि याच धर्तीवर उभे राहिले. मक्यासाठी इमारत जमिनीत घालणाऱ्या लोकांची मुले बेकर यांच्या मंडळीत बसत असतील, हे त्या तुकड्यापाशी उभे राहून मला चांगले समजले. उरलेला दिवस पाय दुखण्यात गेला.

शनिवार, ५ ऑक्टोबर

आज वेस्लीच्या स्वयंपाकघरात मी पंधरा जणांसाठी पिठले-भात केला, आणि उपासवाल्यासाठी वेगळ्या स्वच्छ भांड्यात बटाट्याची भाजी, जिरे आणि मिरची घालून. हे पाळकबाईंनीच सुचवले. महिन्यातून एखाद्या शनिवारी कुणीतरी आपल्या घरचा पदार्थ करावा, अशी तिथे मुलांनी लावलेली सवय आहे. बेसन देशी दुकानातून आणले. सिंगापूरचा मुलगा कांदे चिरायला उभा राहिला आणि त्याने ते आमच्या घरी कुणाला जमत नाहीत इतके बारीक चिरले. पिठले ढवळताना गुठळी होऊ नये म्हणून पीठ आधी पाण्यात कालवावे की वरून भुरभुरावे, यावर भाची आणि मी नेहमीप्रमाणे वाद घातला, आणि अमेरिकन मुले तो वाद समजल्यासारखी ऐकत राहिली. पातेल्याच्या बुडाशी लागलेली खरपुडी उलथन्याने काढून मी त्यांना वाटली. तिच्यावर सगळ्यांच्या उड्या पडल्या.

जेवताना एका मुलीने विचारले की मी विद्यार्थ्यांच्या कामात कशी आले. मी हे आजवर फार थोड्यांना सांगितले आहे.

१९८० च्या जूनमध्ये मी पुणतांब्याहून दौंडमार्गे पुण्याला आले ती एक पत्र्याची ट्रंक घेऊन. कॉलेजात प्रवेश झाला होता आणि एका वसतिगृहात जागा मिळाल्याचे पत्रही होते. तिथे पोहोचले तेव्हा यादी पूर्ण झाल्याचे सांगून त्यांनी मला दारातूनच परत पाठवले. पाऊस होता, संध्याकाळ झाली होती आणि वडील दुपारच्याच गाडीने परत गेले होते. वडिलांनी दिलेल्या चिठ्ठीवर एका पाळकसाहेबांचा पत्ता होता. त्या घरात आधीच सात माणसे राहत होती. पाळकीणबाईंनी मला पाहिले, काही विचारले नाही, आणि स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूला घोंगडी टाकून दिली. तिथे मी दोन महिने झोपले. पहाटे चारला त्या उठायच्या, तेव्हा माझी झोप मोडू नये म्हणून अंधारात डबे चाचपडत असायच्या. शिक्षण पुरे करून मी नोकरीला लागले ती त्या दोन महिन्यांच्या जोरावर.

मुले बराच वेळ काही बोलली नाहीत. मग रसायनशास्त्राच्या मुलीने विचारले, "आणि तुमच्या मंडळीत आता तसं घर कोणाचं आहे?" तिने ते अगदी सरळपणे विचारले होते. मला उत्तर देता आले नाही. पुण्यात दर वर्षी बाहेरगावची हजारो मुले येतात. मराठवाड्यातून, खानदेशातून, ईशान्येकडून, आफ्रिकेतून. आमच्या मंडळीच्या मागे एक हॉल आहे, त्यात दोन शेगड्या आणि साठ खुर्च्या आहेत, आणि तो रविवारची शब्बाथशाळा सुटली की पुढच्या रविवारपर्यंत कुलपात असतो.

रविवार, ६ ऑक्टोबर

ऑक्टोबरचा पहिला रविवार हा जागतिक प्रभुभोजनाचा रविवार. १९३३ मध्ये पिट्सबर्गच्या एका प्रेस्बिटेरियन मंडळीत ही प्रथा सुरू झाली आणि आता अनेक चर्च ती पाळतात. युनायटेड मेथडिस्ट चर्चमध्ये या दिवसाचे खास दानार्पण विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांकडे जाते, आणि त्यात परदेशांतून आलेल्या विद्यार्थ्यांचाही वाटा असतो. हे मला उपासनेतच कळले. दानाची थाळी माझ्यापर्यंत आली तेव्हा मी नायगाऱ्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतले काही त्यात घातले.

उपासनेला विद्यार्थी थोडे होते, असेच म्हणावे लागेल. मी मोजले, वीसही भरले नाहीत, आणि विद्यापीठात ५०,००० हून अधिक विद्यार्थी आहेत. बाकीची मंडळी शहरातली, पिकल्या केसांची. भाकर एका मुलीने मोडली आणि द्राक्षरसाचा प्याला पुढे केला. आमच्याकडेही प्रभुभोजनात न आंबलेला द्राक्षरसच असतो. मेथडिस्ट असलेल्या थॉमस वेल्च यांनी १८६९ मध्ये तो टिकवण्याची रीत बसवली तेव्हापासूनची ही पद्धत आहे. मी रांगेत उभी राहिले तेव्हा माझ्या पुढे सिंगापूर आणि मागे केनिया होता. पाळकबाईंनी भाकर माझ्या तळहातावर ठेवली आणि माझ्या नावाने मला हाक मारली. चार दिवसांत त्यांनी माझे नाव नीट म्हणायला शिकून घेतले होते, आणि त्याच्यातला 'ळ' त्यांना जमला होता.

उपासनेनंतर मी त्यांना जो प्रश्न विचारायचा होता तो विचारला. रांगेत एवढी मुले, आणि बाकांवर इतकी थोडी, याचे दुःख होत नाही का? त्या म्हणाल्या की होते. लपवण्यात अर्थ नाही. गेल्या काही वर्षांत त्यांचे चर्च मोठ्या वादळातून गेले आहे. समलिंगी व्यक्तींच्या पाळकपणाच्या आणि विवाहाच्या प्रश्नावरून २०१९ ते २०२३ या काळात अमेरिकेतल्या ७,६०० हून अधिक मंडळ्या बाहेर पडल्या, आणि मग २०२४ च्या वसंतात शार्लट येथील सर्वसाधारण परिषदेने जुनी बंधने काढून टाकली. मंडळ्या कमी झाल्या की वर्गणी कमी होते, आणि वर्गणी कमी झाली की विद्यार्थ्यांच्या कामाला आधी झळ लागते, कारण विद्यार्थी वर्गणी देत नाहीत आणि चार वर्षांत निघून जातात. आमच्याकडेही अगदी हेच कारण सांगितले जाते. 'ही मुले कुठे आपल्या मंडळीत राहणार आहेत?' हे वाक्य मी आमच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीच्या बैठकांत किती वेळा ऐकले आहे!

पाळकबाईंचे म्हणणे असे की निघून जाणाऱ्यांवर खर्च करणे हेच या कामाचे स्वरूप आहे. पेरायचे इथे आणि पीक यायचे दुसऱ्या कुणाच्या तरी रानात. मला हे पटले. तरीही मी त्यांना माझे मत सांगितले. पँट्रीतून बाकांपर्यंत येण्याची वाट कोणावर लादू नये हे खरे, पण ती वाट आहे हे मुलांना दिसावे, एवढे तरी आपण करावे. शनिवारच्या जेवणानंतर कुणी दोन मिनिटे प्रार्थना केली असती तर नांदेडच्या मुलाला ते खटकले असते असे मला वाटत नाही. त्याच्या घरी ताट वाढल्यावर श्लोक म्हणतातच. त्या विचारात पडल्या आणि म्हणाल्या की मुलांशी बोलून पाहते.

सोमवार, ७ ऑक्टोबर

सकाळच्या गाडीने निघाले. भाचीला परीक्षा होती. मला स्टेशनवर सोडायला नांदेडचा मुलगा आला, माझी बॅग त्याने खांद्यावर घेतली आणि डब्यात वरच्या फळीवर नीट बसवून दिली. त्याला येत्या गुरुवारी पँट्रीत फळांच्या टेबलावर उभे राहायचे काम मिळाले होते. आईला त्याने रविवारी रात्री खरे सांगितले होते. "थोडं रडली," तो म्हणाला, "मग विचारलं, त्या बाईंनी बटाट्यात जिरं घातलं होतं का."

गाडी हलल्यावर मी वही काढली आणि आमच्या पंचकमिटीच्या सेक्रेटरींच्या नावे अर्ज लिहायला घेतला. मागचा हॉल बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी ५ ते ९ या वेळात बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठी उघडा ठेवण्याबाबत. दोन्ही शेगड्यांची दुरुस्ती, पिण्याच्या पाण्याची सोय, दिव्याचे बिल कोणत्या खात्यातून द्यायचे, आणि महिन्यातून एका शनिवारी जेवण, असे मुद्दे क्रमाने घातले. येणाऱ्या मुलाला मंडळीचा किंवा धर्माचा दाखला मागू नये, हे वेगळ्या ओळीत लिहून अधोरेखित केले. हॉलची किल्ली कोणाकडे राहील हा रकाना आधी मोकळा ठेवला होता. रँटूल स्टेशन मागे पडले तेव्हा तिथे माझे नाव घातले.